स्मृतिभ्रंशावर संशोधन करायचे, पण कोणी?

दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन पाळला जातो. त्या दिवशी शहरोशहरी व्याख्याने होतात, ज्येष्ठ नागरिकांच्या फेऱ्या निघतात, वृत्तपत्रांतून डॉक्टरांचे सल्ले छापून येतात. म्हातारपणी येणारा विसराळूपणा नेहमीच वयाचा परिणाम नसतो, तो एखाद्या विकाराचे लक्षण असू शकतो, ही जाणीव त्यामुळे निश्चितच वाढली आहे. मात्र या विकाराचा भारतीय परिस्थितीत शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी माणसे येणार कोठून, त्यांना घडवणार कोण आणि घडल्यानंतर ती या क्षेत्रात टिकणार कशी, या प्रश्नांची चर्चा क्वचितच होते. औषधे, यंत्रसामग्री आणि निधी यांच्या अभावाबद्दल बोलले जाते. प्रशिक्षित मनुष्यबळाचा अभाव मात्र नजरेआड राहतो. वस्तुतः बाकीच्या अनेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

स्मृतिभ्रंश हा एक आजार नव्हे. मेंदूतील चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास झाल्याने स्मरणशक्ती, भाषा, निर्णयक्षमता आणि वर्तन यांवर होणाऱ्या परिणामांचे ते एकत्रित नाव आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. त्याखेरीज मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार, पार्किन्सन म्हणजेच कंपवात, मेंदूच्या पुढील भागाचा ऱ्हास अशी इतरही कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता आणि दरवर्षी त्यांत सुमारे एक कोटी नव्या रुग्णांची भर पडते. यातील ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. संशोधन मात्र प्रामुख्याने श्रीमंत देशांत होते.

या विषमतेवर बोट ठेवणारा एक गट १९९८ मध्ये केरळातील कोची येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निमित्ताने स्थापन झाला. त्याने स्वतःचे नावच 'टेन-सिक्स्टीसिक्स' असे ठेवले. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरील संशोधन मात्र दहा टक्क्यांहूनही कमी, असा त्या नावाचा अर्थ. पाव शतकानंतर आकडे थोडेफार बदलले असले, तरी त्या नावामागची तक्रार अद्याप संपलेली नाही.

आकडा बदलला, तो कसा?

भारतात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीड दशकात कसे बदलत गेले, हे पाहिले तरी प्रशिक्षित संशोधकांचे महत्त्व लक्षात येते. 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशात असे ३७ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने हा आकडा ८८ लाखांवर नेला. साठ वर्षांवरील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचे या अभ्यासात आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात ते अधिक होते. राज्याराज्यांतील तफावतही मोठी, दिल्लीत ४.५ टक्के तर जम्मू-काश्मीरमध्ये ११ टक्के.

दहा-बारा वर्षांत रुग्ण दुपटीहून अधिक झाले, असा याचा अर्थ कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. वृद्धांची संख्या वाढली हे खरे. पण मोजण्याची पद्धतही बदलली. आधीचे अंदाज निरनिराळ्या शहरांतील आणि खेड्यांतील छोट्या-मोठ्या पाहण्यांची बेरीज करून काढलेले होते. मुंबईत चाळीस वर्षांवरील २४ हजारांहून अधिक नागरिकांची पाहणी झाली होती व तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ६५ वर्षांवरील व्यक्तींमधील प्रमाण २.४४ टक्के आढळले होते. नव्या अभ्यासात निरनिराळ्या राज्यांतील चार हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या प्रत्यक्ष चाचण्या घेण्यात आल्या, घरातील व्यक्तींच्या मुलाखती झाल्या आणि त्या माहितीवरून तज्ज्ञांच्या गटाने निदान केले. एवढ्या मोठ्या देशात एकाच पद्धतीने चाचणी घेणारी, ती तपासणारी आणि तिचा अर्थ लावणारी माणसे आधी तयार करावी लागली, तेव्हा कुठे हा आकडा हाती आला.

संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात साठ वर्षांवरील १४ कोटी ९० लाख लोक होते. २०५० पर्यंत ही संख्या ३४ कोटी ७० लाखांवर जाईल, म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ असेल. पुढील पाव शतकात या समस्येचे स्वरूप काय होणार, हे सांगायला आणखी भाकितांची गरज नाही.

भाषेची अडचण

स्मृतिभ्रंशाच्या संशोधकाचे पहिले साधन सूक्ष्मदर्शक नव्हे, प्रश्नावली आहे. रुग्णाला तारीख, वार, ठिकाण विचारायचे. काही शब्द सांगून ते थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावायचे. आकडेमोड करवून घ्यायची. आकृती काढायला सांगायची. जगभर प्रचलित असलेली या प्रकारची चाचणी अमेरिकेत १९७५ मध्ये तयार झाली. इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगणे, एक वाक्य लिहून दाखवणे, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन पाहून काढणे, अशा गोष्टींचा तिच्यात समावेश आहे. ज्या आजीने आयुष्यात कधी पाटी-पेन्सिल हातात धरली नाही, ती या चाचणीत नापास होणार हे उघड आहे. तिची स्मृती शाबूत असली, तरी कागदावर ती रुग्ण ठरते. याउलट, उच्चशिक्षित निवृत्त अधिकारी आजाराच्या सुरुवातीच्या काळात हीच चाचणी सहज उत्तीर्ण होतो आणि 'काही झालेले नाही' असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. म्हणजे दोन्ही बाजूंनी निदान चुकते.

या अडचणीवर भारतात काम झाले, तेही बऱ्याच आधी. हरयाणातील बल्लभगड परिसरातील खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी नव्वदच्या दशकात जो अभ्यास केला, त्यासाठी हिंदीतील चाचणी नव्याने घडवण्यात आली. आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगणे, यांसारखे निरक्षर माणसालाही जमतील असे प्रश्न तिच्यात घातले गेले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांच्या साह्याने अशा चाचण्यांचा एक संचच तयार करवून घेतला. त्याची माहिती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. हा संच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत होता.

या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे आणि देशात तिचा क्रमांक हिंदी व बंगालीनंतर लागतो. असे असताना ती मागे का राहिली, याचे उत्तर भाषेच्या अस्मितेत शोधण्यात अर्थ नाही. अशी चाचणी तयार करणे म्हणजे निव्वळ भाषांतर नव्हे. त्यासाठी आधी शेकडो निरोगी व्यक्तींच्या चाचण्या घ्याव्या लागतात. निरक्षर, चौथी शिकलेले, पदवीधर, शहरातील, खेड्यातील अशा प्रत्येक गटात सर्वसाधारण गुण किती पडतात, हे ठरवावे लागते. मगच कोणाचे गुण धोक्याच्या रेषेखाली आहेत, हे सांगता येते. इंग्रजीत एखाद्या अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायला लावतात. अक्षरओळख नसलेल्या माणसापुढे हा प्रश्न निरर्थक ठरतो. त्याला भाज्यांची किंवा प्राण्यांची नावे विचारावी लागतात. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या वृद्धाने प्रमाण मराठीतील शब्द ओळखला नाही, तर तो आजार समजायचा की बोलीतील फरक, हेही ठरवावे लागते. या कामासाठी मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संख्याशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांची सांगड घालू शकणारी माणसे लागतात. तशी माणसे एकत्र येऊन शिकतील, अशी व्यवस्था जेथे झाली तेथे काम पुढे गेले. जेथे ती नाही, तेथे डॉक्टर आपापल्या अनुभवावर वेळ मारून नेतात.

आपले प्रश्न, आपली उत्तरे

स्थानिक संशोधक घडवण्याचा लाभ केवळ स्थानिक रुग्णांना होतो, असेही नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याचे उत्तम उदाहरण आहे. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागल्याचे त्यांना आढळले. असा संबंध कॅनडातील संशोधकांनी आधी दाखवला होता. पण तेथील द्विभाषक प्रामुख्याने स्थलांतरित असल्याने परिणाम भाषेचा की स्थलांतराचा, हा वाद मिटत नव्हता. हैदराबादेत पिढ्यानपिढ्या राहणारी माणसे तेलुगू, उर्दू आणि दख्खनी सहज बोलतात. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला, त्यामुळे शिक्षणाचा मुद्दाही बाजूला पडला. जगाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर हैदराबादच्या बाह्यरुग्ण विभागात मिळाले, कारण तो प्रश्न विचारण्याची तयारी असलेले डॉक्टर तेथे होते. अल्लादी पुढे बंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेत गेल्या.

मुंबईलाही अशी परंपरा आहे. येथील पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन १४ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी करण्यात आली होती. १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन असल्याचे आढळून जगभरातील तज्ज्ञ चकित झाले होते. आयआयटी मुंबईतील प्रा. समीर माजी यांच्या प्रयोगशाळेने याच आजाराशी निगडित असलेल्या प्रथिनाच्या गुठळ्या कशा सुरू होतात, याचा शोध घेतला. द्रवाचे थेंब वेगळे व्हावेत तशी ही प्रथिने आधी पेशीत एकत्र येतात आणि मग घट्ट होतात, असे या गटाने २०२० मध्ये दाखवून दिले. वसाहतीच्या जिन्यापासून प्रयोगशाळेतील परीक्षानळीपर्यंत या आजाराचा माग काढणारी माणसे एकाच शहरात होती, ही बाब लहान नाही.

दुसरीकडे, आपल्या लोकांचा अभ्यास झाला नाही तर काय हुकते, हे आफ्रिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पार्किन्सनच्या जनुकांवरील संशोधन अनेक वर्षे मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवर आधारलेले होते. नायजेरियातील आणि अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचा अभ्यास झाल्यावर २०२३ मध्ये एक असा जनुकीय बदल सापडला, जो युरोपीय लोकांत जवळजवळ आढळतच नाही. ज्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून हे काम झाले, त्यात नमुने गोळा करण्याबरोबरच स्थानिक संशोधकांना प्रशिक्षण देण्यावर भर आहे. नमुने पाठवणारा देश आणि शोध लावणारा देश वेगळे राहू नयेत, ही त्यामागील भूमिका होय. भारतानेही ती लक्षात घेण्याजोगी आहे.

दोन टोकांवरचे शिक्षण

भारतात मेंदूविज्ञानाचे शिक्षणच नाही, असे मुळीच नाही. हरयाणातील मानेसर येथे १९९९ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र स्थापन झाले आणि पुढे त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. 'निम्हान्स'मध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या ऊतींचा संशोधनासाठी तेथे संग्रह केला जातो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने मल्याळम भाषकांसाठी चाचण्या तयार करण्यात पुढाकार घेतला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात मेंदू संशोधनाचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले आहे. त्यासाठी 'इन्फोसिस'चे सहसंस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या कुटुंबाने २०१४ मध्ये २२५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले होते. ही सारी केंद्रे नावाजलेली आहेत.

तरीही एक मूलभूत उणीव कायम आहे. आपल्याकडे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांचे शिक्षण दोन वेगळ्या टोकांवर होते. मेंदूविकारतज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएस, एमडी आणि डीएम असे किमान अकरा-बारा वर्षांचे शिक्षण घ्यावे लागते. या काळात त्याला प्रबंध लिहावा लागतो खरा. पण संशोधनासाठी वेगळा वेळ आणि मार्गदर्शक मिळतोच असे नाही. नोकरीला लागल्यावर सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाची रांगच त्याचा दिवस खाऊन टाकते. एका स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची नीट तपासणी करायला तासभर लागतो. तेवढा वेळ ज्याला रुग्णासाठी मिळत नाही, त्याला संशोधनासाठी कोठून मिळणार? दुसऱ्या टोकाला जीवशास्त्राचा पीएच.डी.चा विद्यार्थी पाच-सहा वर्षे उंदरांवर, माशांवर किंवा पेशींवर काम करतो. अनेकदा ज्या आजारावर तो काम करीत असतो, त्याचा रुग्ण त्याने पाहिलेलाही नसतो.

या दोन टोकांमध्ये पूल बांधण्याचे प्रयत्न परदेशांत जाणीवपूर्वक झाले. अमेरिकेत १९८४ पासून अल्झायमर संशोधन केंद्रांची साखळी उभारली गेली. आज देशभर पसरलेल्या या केंद्रांवर रुग्णसेवा व संशोधनाबरोबरच नव्या संशोधकांना शिकवण्याची जबाबदारीही सोपवण्यात आली आहे. २०१५ मध्ये सॅनफ्रान्सिस्को आणि डब्लिन येथील विद्यापीठांनी मिळून 'ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूट' स्थापन केली. १७ कोटी ७० लाख डॉलरच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेने पंधरा वर्षांत जगभरातील ६०० व्यक्तींना घडवण्याचे उद्दिष्ट ठेवले. डॉक्टर आणि शास्त्रज्ञांसोबत समाजशास्त्र, अर्थशास्त्र, एवढेच नव्हे तर कलाक्षेत्रातील व्यक्तींनाही तेथे प्रवेश मिळतो. स्मृतिभ्रंश हा केवळ पेशींचा आजार नसून कुटुंबाचा, पैशाचा आणि समाजाचाही प्रश्न आहे, हे त्यामागील गृहीतक आहे.

प्रशिक्षण म्हणजे नेहमी उच्च पदवीच, असेही समजण्याचे कारण नाही. गोव्यात 'संगथ' या संस्थेशी संबंधित डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण स्थानिक भाषा जाणणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांना रुग्णांच्या घरी पाठवण्यात आले. रुग्णाशी कसे वागावे, त्याची दिनचर्या कशी सांभाळावी, याचे मार्गदर्शन त्यांनी कुटुंबीयांना केले. त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञ होते. ८१ कुटुंबांच्या या अभ्यासात काळजी घेणाऱ्यांवरील मानसिक ताण कमी झाल्याचे आढळले. विशेष म्हणजे या प्रयोगाची पाहणी काटेकोर शास्त्रीय पद्धतीने, चिठ्ठ्या टाकून दोन गट करून झाली होती. गावपातळीवरील कार्यकर्ता आणि संशोधनाची शिस्त यांचा मेळ कमी खर्चात घालता येतो, हे गोव्याने दाखवून दिले. शेजारच्या महाराष्ट्राला त्यापासून घेण्यासारखे बरेच आहे.

आजार वीस वर्षांचा, विद्यावेतन पाच वर्षांचे

खरी गाठ मात्र पुढेच आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतील बदल प्रत्यक्ष लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतात. त्यामुळे आजाराचे मूळ शोधायचे तर निरोगी माणसांचा चाळिशी-पन्नाशीपासून सातत्याने पाठपुरावा करावा लागतो. बंगळुरूच्या केंद्राने कर्नाटकातील कोलार जिल्ह्याच्या श्रीनिवासपूर तालुक्यात नेमके हेच काम हाती घेतले आहे. ४५ वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकाळ अभ्यास करण्याची ही योजना आहे. तिचे खरे फळ आणखी काही वर्षांनी हाती येईल. ते हाती घेणारी पिढी मात्र आज विशी-तिशीत आहे.

या पिढीची स्थिती काय आहे? केंद्र सरकारने २०२३ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांचे मासिक विद्यावेतन पहिल्या दोन वर्षांसाठी ३१ हजारांवरून ३७ हजार आणि त्यानंतरच्या काळासाठी ३५ हजारांवरून ४२ हजार रुपये केले. ही वाढ मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली होती. शिवाय विद्यावेतन जास्तीत जास्त पाच वर्षे मिळते. त्यानंतर प्रकल्पावरील कंत्राटी नोकरी, आणि प्रकल्प संपला की तीही संपते. चाचण्या घेण्यात तरबेज झालेला मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक प्रकल्पाबरोबरच बाहेर पडतो आणि पुढच्या प्रकल्पाला पुन्हा नव्या माणसापासून सुरुवात करावी लागते. वीस वर्षांच्या आजाराचा अभ्यास तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत कसा व्हायचा?

ही अडचण केवळ भारताची नाही. ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटीने करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशावर पीएच.डी. करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के जण चार वर्षांच्या आत हे क्षेत्र सोडून जातात, असे त्यात म्हटले होते. म्हणजे माणसे घडवण्यावर खर्च होतो, पण ती टिकत नाहीत. भरती वाढवून हा प्रश्न सुटत नाही. गळती थांबवावी लागते. त्यानंतर तेथे डॉक्टरेटसाठीच्या विशेष प्रशिक्षण केंद्रांना निधी देण्यात आला आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली.

निधीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ज्या अभ्यासातून ८८ लाखांचा आकडा पुढे आला, त्याला अमेरिकी सरकारच्या वार्धक्यविषयक संशोधन संस्थेचे अर्थसाह्य होते. त्याबद्दल कृतज्ञ असायलाच हवे. अल्झायमर आणि संबंधित विकारांवरील अमेरिकी सरकारचा वार्षिक संशोधन खर्च २०११ मध्ये ५० कोटी डॉलरहून कमी होता, तो दशकभरात ३०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. तथापि, २०२५ मध्ये त्याच देशात संशोधन अनुदाने रद्द होण्याचे आणि रखडण्याचे प्रकार घडले. त्या वर्षी मे महिन्यात तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परदेशी संस्थांना दिल्या जाणाऱ्या उपअनुदानांची जुनी पद्धत बंद करण्याचे जाहीर केले. आपल्या वृद्धांची मोजदाद दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

दिलासादायक बाब अशी, की केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जैववैद्यकीय संशोधकांसाठीच्या पाठ्यवृत्ती योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टबरोबर २००८ पासून चालवण्यात येत असलेल्या या योजनेसाठी १५०० कोटी रुपयांची तरतूद असून त्यांतील एक हजार कोटींचा वाटा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा आहे. परंतु ही योजना साऱ्या जैववैद्यकीय क्षेत्रासाठी आहे. कर्करोग, संसर्गजन्य आजार, मधुमेह अशा विषयांच्या गर्दीत स्मृतिभ्रंशाच्या वाट्याला किती पाठ्यवृत्त्या येतील, हे त्यासाठी तयार असलेले अर्जदार किती, यावर ठरणार आहे. येथे प्रश्न पुन्हा मूळ पदावर येतो.

आता निकड का?

हा विषय आणखी काही वर्षे पुढे ढकलला तर काय बिघडेल, असे कोणी विचारू शकेल. याचे उत्तर गेल्या तीन-चार वर्षांतील घडामोडींत आहे. अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ मध्ये आणि डोनॅनेमॅबला २०२४ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. ही औषधे आजार बरा करीत नाहीत, त्याची गती काहीशी कमी करतात. तीही अगदी सुरुवातीच्या टप्प्यात दिली तरच. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वरचेवर एमआरआय तपासणी करावी लागते. म्हणजे अचूक आणि लवकर निदान करू शकणारा तज्ज्ञ नसेल, तर औषध उपलब्ध होऊनही उपयोग नाही. उलट अपायाचीच शक्यता अधिक.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रक्ताच्या नमुन्यावरून अल्झायमरच्या निदानास मदत करणाऱ्या पहिल्या चाचणीला परवानगी दिली. महागड्या पेट स्कॅनला किंवा पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याला त्यामुळे पर्याय मिळू शकतो. भारतासारख्या देशाच्या दृष्टीने ही मोठी आशा आहे. मात्र रक्तातील या प्रथिनांचे प्रमाण मूत्रपिंडाच्या विकारामुळेही वाढते, हे संशोधनातून स्पष्ट झाले आहे. मधुमेह आणि त्यातून होणारे मूत्रपिंडाचे आजार ज्या देशात सर्रास आढळतात, तेथे परदेशात ठरवलेली मर्यादा जशीच्या तशी लावता येईल काय? हे तपासायला येथीलच रुग्ण आणि येथीलच संशोधक लागतील.

प्रतिबंधाचेही तसेच. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये असे मत मांडले, की चौदा धोके टाळता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. उच्च रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, दृष्टिदोष, अल्पशिक्षण, हवेचे प्रदूषण, एकाकीपणा यांचा त्यांत समावेश आहे. यातील बहुतेक गोष्टी आपल्याकडे विपुल आहेत. त्यांपैकी कोणत्या गोष्टीवर आधी खर्च केल्यास महाराष्ट्रातील खेड्यातल्या किंवा मुंबईच्या चाळीतल्या माणसाला सर्वाधिक लाभ होईल, हे मात्र कोणताही परदेशी अहवाल सांगू शकणार नाही.

महाराष्ट्राने काय करावे?

या राज्यात साधनांची वानवा नाही. मुंबई आणि पुण्यातील मोठी सार्वजनिक रुग्णालये, टाटा मूलभूत संशोधन संस्था, आयआयटी, पुण्याची आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ अशा मातबर संस्था येथे आहेत. त्यांना जोडणारा धागा घट्ट करणे, हे पहिले काम. मेंदूविकार आणि मनोविकार शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहा महिने प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रीय पाहणीत आणि जीवशास्त्राच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला काही आठवडे स्मृती चिकित्सालयात घालवता आले, तर त्याला फार मोठा खर्च येणार नाही. दुसरे म्हणजे, मराठीतील आणि तिच्या बोलींतील प्रमाणित चाचण्यांचा प्रकल्प विद्यापीठांतील मानसशास्त्र व भाषाशास्त्र विभागांना बरोबर घेऊन हाती घेता येईल. त्यातून चाचण्याही मिळतील आणि त्या तयार करता करता शिकलेली माणसेही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातील ठरावीक वेळ संशोधनासाठी राखून ठेवणारी आणि प्रकल्प संपल्यावरही टिकणारी काही पदे निर्माण करावी लागतील. संख्येने ती थोडी असली तरी चालतील, पण ती कायम असली पाहिजेत.

याला लागणारा पैसा रुग्णालयाच्या एखाद्या नव्या इमारतीच्या खर्चाच्या तुलनेत नगण्यच असेल. अडचण अशी, की इमारतीचे उद्‌घाटन करता येते, घडत असलेल्या संशोधकाचे करता येत नाही. आणि त्याच्या कामाचे फळ दिसेपर्यंत तीन-चार निवडणुका होऊन गेलेल्या असतात. तथापि, २०५० मध्ये जे साठी ओलांडतील, ते आज पस्तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यावर उपचार करणारे आणि त्यांच्या आजाराचा अभ्यास करणारे तज्ज्ञ आज महाविद्यालयांत, काही तर शाळेत आहेत. त्यांनी या विषयाकडे वळावे अशी अपेक्षा असेल, तर त्यांच्यासाठीची वाट आताच आखावी लागेल.